त्र्याऐंशी सालचं पान

ब्रामहोल्ट, ३ मार्च २०२४

योखेन,

पाकिटावरचा पत्ता मी सिल्केकडून टाइप करून घेतला आहे. माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं असतंस. सिल्के ब्रांडहोफ आता आपल्या फुटबॉल क्लबची अध्यक्ष आहे, बेकरीवाल्या ब्रांडहोफची नात. तिने काही विचारलं नाही.

एवाल्ड गेला. १९ फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी. आदल्या दिवशीच्या सामन्याच्या जाळ्या गुंडाळून ठेवायला मैदानावर गेला होता. साडेदहापर्यंत आला नाही म्हणून मी गेले. साहित्याच्या खोपटात चुन्याच्या गाडीला टेकून बसलेला होता. डॉक्टर म्हणाले, फार वेळ लागला नसेल. एप्रिलमध्ये सत्तर पूर्ण झाली असती.

तुला उशिरा कळवते आहे. अंत्यविधीच्या आधी कळवलं असतं तर यायचं की नाही हे तुला ठरवावं लागलं असतं, आणि ते ओझं तुझ्यावर नको, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं कारण नाही. तू येशील याची मला भीती वाटत होती.

दफनानंतर सगळे क्लबच्या खोलीत कॉफीला आले. ब्रांडहोफच्या बेकरीतून लोण्याच्या चुऱ्याचा केक आला होता. दोन्ही संघ काळ्या फिती लावून आले. पुढच्या रविवारी सामन्याआधी एक मिनिट शांतता पाळली. मैदानाच्या रेषा त्या दिवशी काल्लाने मारल्या होत्या. काल्ला आठवतो ना, उजव्या बाजूचा बचावपटू, मोठ्या आवाजाचा? आता त्र्याहत्तरचा आहे, दोन्ही गुडघे बदललेले, गेटवर तिकिटं फाडतो. मधली रेषा वाकडी आली होती. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गुद्रुन, दोरी सरकली गं. एवाल्डने मला सगळं पुसून परत मारायला लावलं असतं." कोणी हसलं नाही.

जुन्या गोष्टींबद्दल मला काही लिहायचं नाही. फक्त कळवायचं होतं.

गुद्रुन


ब्रामहोल्ट, २४ मार्च २०२४

योखेन,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलेलं नाही. ते पोचलं असं धरून लिहिते.

क्लबला यंदा शंभर वर्षं होतात. आणि १ जुलैपासून क्लब केटेलरोटमध्ये विलीन होतो आहे. आपल्या जुन्या वैऱ्यांमध्येच. आपल्याकडे रविवारी अकरा जण जमत नाहीत. मागच्या शरद ऋतूत दोनदा नऊ जणांनिशी खेळलो. आपलं बिनगवताचं, राखेचं मैदान नगरपालिका घेणार, तिथे घरं होणार. संयुक्त संघ केटेलरोटच्या गवतावर खेळेल. ठराव झाला त्या दिवशी काल्ला ओरडला, "केटेलरोटची जर्सी घालण्यापेक्षा मी नागडा खेळेन!" मागून कोणीतरी म्हणालं, "खेळ बाबा. समोरचा संघ आपोआप पळेल." विलीनीकरण मंजूर झालं ते तेवढ्या हशात.

आता मूळ मुद्दा. एवाल्ड तीन वर्षं क्लबचा इतिहास लिहीत होता. शताब्दीचं पुस्तक निघणार आहे. त्याच्या वह्या सिल्केने मला आणून दिल्या आणि म्हणाली, "फ्राऊ राउटेनबेर्ग, शेवट तुम्हीच करा. तुमच्याशिवाय त्यांचं अक्षर कोणाला लागणार?" मी खाणीच्या कचेरीत तेहतीस वर्षं नकाशे काढले. मोजून रेघ मारणं मला जमतं, वाक्यं जमत नाहीत. तरी हो म्हणाले.

एवाल्डने एकेका वर्षाला साधारण एकेक पान दिलं आहे. १९२४चं पान चांगलं उतरलंय. अकरा खाणकामगार आणि एक न्हावी, दारूच्या गुत्त्यातली मागची खोली, खाणीतल्या घोड्यांचं खोगीर शिवणाऱ्याने शिवलेला पहिला चेंडू. १९३३च्या पानावर तो वर्षभर अडला होता. त्या वर्षी दोघांची नावं सभासदांच्या यादीतून खोडली गेली, दातांचे डॉक्टर आणि त्यांचा मुलगा, ज्यू होते म्हणून. त्यांचं पुढे काय झालं ते शोधायला एवाल्ड तीन शहरांच्या दफ्तरखान्यांत जाऊन आला. पानाच्या शेवटी त्याने लिहिलंय: 'खोडलेलं नाव परत लिहिता येतं. फक्त उशीर झालेला असतो.' हे मी वह्या हातात आल्यावर पहिल्यांदा वाचलं.

१९८२ला दोन पानं आहेत. १९८४ला चार ओळी. १९८३च्या पानावर वर फक्त साल लिहिलंय. खाली काही नाही.

सिल्केला वाटलं, पान हरवलं असेल. तिचा जन्मच त्र्याऐंशीचा. तिने विचारलं, "त्या वर्षी नेमकं झालं तरी काय?" मी तिला गावाला माहीत आहे तेवढंच सांगितलं. १२ जून, हंगामाचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, केटेलरोटविरुद्ध. जिंकेल तो वरच्या गटात. आपण एक-शून्यने जिंकलो. संपायला दोन मिनिटं असताना माझ्या भावाने, म्हणजे गोलकीपर योखेन कोस्लिकने, पेनल्टी अडवली. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन बाजारपेठेपर्यंत नेलं. आठवड्याने केटेलरोटची तक्रार आली. योखेनवर चार सामन्यांची बंदी होती, पंचाच्या अंगावर चेंडू फेकल्याबद्दल. आपण चार रविवार मोजले होते. पण त्यातल्या एका रविवारच्या संघाने हंगामातूनच नाव काढून घेतलं होतं आणि तो सामना झालाच नव्हता. न झालेला सामना बंदीत धरत नाहीत. तीनच झाले होते. विजय काढून घेतला, केटेलरोट वर गेलं. आपण त्यानंतर कधी तिथवर पोचलो नाही. २४ जूनच्या सभेत योखेनला क्लबमधून काढलं.

सिल्के म्हणाली, "पंचाहत्तर वर्षांच्या स्मरणिकेत एकच ओळ आहे: एका खेळाडूने आपली बंदी लपवल्यामुळे बढती हुकली. समिती म्हणते, तीच ओळ ठेवू." मग जाता जाता म्हणाली, "आणि एक चांगली बातमी. केटेलरोटवाले तयार झालेत. नव्या मैदानाला एवाल्ड राउटेनबेर्ग यांचं नाव द्यायचं. मे महिन्याच्या सभेत ठराव येईल."

मी केक कापून दिला.

योखेन, ती ओळ तशीच छापायची की नाही, हे मी तुला विचारते आहे.

गुद्रुन


ब्रामहोल्ट, १४ एप्रिल २०२४

योखेन,

काल एवाल्डचं खोपट रिकामं केलं. काल्ला आणि त्याचा जावई मदतीला होते. जुन्या जाळ्या, गंजलेले कोपऱ्यांचे झेंडे, चुन्याची अर्धी पोती. फळीच्या मागे ओळखपत्रांची पत्र्याची पेटी सापडली. हिरवी, झाकणावर क्लबचा बिल्ला. आता सगळं फोनवर असतं. तेव्हा सामन्याआधी पंच टेबलाशी बसून एकेक ओळखपत्र उघडायचा, आडनाव वाचायचा, आणि खेळाडूने पुढे होऊन जन्मतारीख सांगायची. तू दर वेळी पप्पांची जन्मतारीख ठोकून द्यायचास. पंच म्हणायचा, "अठ्ठावन्न वर्षांचे दिसत नाही हो, कोस्लिक."

पेटीत सतरा ओळखपत्रं होती. तुझंही. तेवीस वर्षांचा आहेस, केस कानांवर. काल्लाने ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हाकला त्याला, असं सगळ्यात आधी मीच ओरडलो होतो." मग बाहेर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला सिगारेट बंद केली आहे.

ओळखपत्रांच्या खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता. त्याच्या खाली एक पाकीट. जिल्हा संघटनेचं, पप्पांच्या नावाने. क्लबचं टपाल तेव्हा आपल्याच घरी यायचं, कारण पप्पा संघाचे चिटणीस होते. आतलं पत्र ८ जून १९८३चं आहे. मी इथे उतरवते:

'आपल्या चौकशीवरून कळवण्यात येते की, माघार घेतलेल्या संघाविरुद्धचा सामना बंदीच्या कालावधीत धरता येणार नाही. खेळाडू कोस्लिक योखेन यांची बंदी १२ जूनच्या सामन्यालाही लागू राहील.'

टपालाचा शिक्का ९ जूनचा आहे. म्हणजे पत्र १० तारखेला, शुक्रवारी घरी आलं. सामन्याच्या दोन दिवस आधी.

पत्राच्या मागे पेन्सिलीने तारीख आहे: २०.६.८३. अक्षर एवाल्डचं. हाती येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारीख टाकायची त्याला सवय होती. सभा २४ तारखेला झाली. म्हणजे सभेच्या चार दिवस आधी हे पत्र त्याने वाचलेलं होतं. आणि त्या सभेत तो उभा राहून काय बोलला ते तुला आठवतंय. "योखेन मला म्हणाला की त्याची बंदी संपली. मी विश्वास ठेवला." संघाचा व्यवस्थापक तो होता. त्याच्या शब्दावर लोकांनी हात वर केले.

माझ्याशी चाळीस वर्षं संसार केला. माणूस सरळ होता, शेजाऱ्याच्या कुंपणाला हात लावायलाही परवानगी मागायचा. हे पत्र त्याने जाळलं नाही आणि दाखवलंही नाही. मला आज त्याच्यावर रागावताही येत नाही आणि त्याच्यासाठी रडताही येत नाही.

पाकीट सुरीने सरळ कापलेलं आहे. एवाल्ड आयुष्यभर पाकिटं अंगठ्याने फाडत आला.

आज एवढंच.

गुद्रुन


ब्रामहोल्ट, ५ मे २०२४

योखेन,

पाकिटाबद्दल लिहिलं तेव्हाच तुला समजलं असणार. तीन आठवडे मी हे पत्र रोज सुरू करून फाडते आहे.

पप्पा आजारी पडल्यापासून क्लबचं टपाल मीच उघडायची. सामन्याचे तक्ते माझ्याच अक्षरात जायचे. संघटनेला चौकशीचं पत्र पप्पांच्या सांगण्यावरून मीच लिहिलं होतं, आणि उत्तर शुक्रवारी दुपारी आलं तेव्हा मीच उघडलं. सुरीने. उभ्याने दोनदा वाचलं. त्यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.

आतल्या खोलीत पप्पांची दाढी चालली होती. खाणीच्या धुळीने त्यांची फुप्फुसं भरलेली होती, फेब्रुवारीपासून ते घराबाहेर पडले नव्हते. रविवारसाठी काल्ला खाणीच्या दवाखान्यातून चाकांची खुर्ची घेऊन आला होता. आईने काळा सूट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगला होता. आईला पप्पा म्हणत होते, "गळ्यापाशी नीट कर. गोलच्या मागे बसणार आहे मी, पोराला दिसायला हवा." मला बघून त्यांनी विचारलं, "टपाल काय?" मी म्हटलं, "वीजबिल."

पत्र मी माझ्या नकाशाच्या पेनांच्या खणात ठेवलं. कोणाच्या लक्षात येणार नाही, असं वाटलं. आलंच तर ते रविवारनंतर येईल, असंही वाटलं. यात माझा विचार चुकला नाही. रविवारनंतरच आलं.

शनिवारी न्याहारीला तू पावावर लोणी लावत विचारलंस, "गुद्रुन, चार झाले ना?" मी म्हटलं, "झाले. मोजलेत मी." पप्पा समोर बसले होते.

म्हणून सभेत श्टोल्टे अध्यक्षांनी तुला विचारलं, "बंदी संपली असं तुला कोणी सांगितलं?" तेव्हा तू उत्तर देऊ शकत होतास. आम्ही बायका स्वयंपाकघरात होतो, वाढपाच्या खिडकीपाशी. मी बटाट्याच्या सॅलडची परात घेऊन उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "आठवत नाही." काल्ला ओरडला, "आठवत नाही म्हणे! पेनल्टी कुठल्या पायाने मारली ते आठवतं का?" मग एवाल्ड उभा राहिला आणि त्याला जे बोलायचं ते बोलला. आमचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. तू पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलंस. सदतीस हात वर झाले. परात माझ्या हातातच होती.

दारात तू मला एकच वाक्य बोललास. "तू खिडकीतच उभी होतीस."

इतकी वर्षं तू असं धरून चाललास की मोजण्यात माझी चूक झाली आणि ती कबूल करायची मला हिंमत झाली नाही. तेवढं असतं तर मी पहिल्याच वर्षी ब्रेमरहाफनला येऊन तुझ्या दारात उभी राहिले असते. चूक नव्हती. मला माहीत होतं.

सभेनंतर खण उघडला तर पत्र नव्हतं. त्या खणातली रेघा मारायची पट्टी न्यायला एवाल्ड सभेच्या आठवड्यात घरी आला होता. मला वाटलं, आईने आवरलं असेल. खरं म्हणजे तसं वाटावं असं मी ठरवलं. त्याला मी विचारलं नाही, त्याने मला विचारलं नाही. आता समजतं की मला वाचवायला त्याने तुला पुढे केलं, आणि तूही मलाच वाचवायला गप्प राहिलास. दोघांनी एकाच माणसाला वाचवलं. एकाला त्यातून घर मिळालं, दुसऱ्याला गाव सोडावं लागलं.

त्याच ऑक्टोबरमध्ये पप्पांच्या दफनाला तू फाटकापाशी उभा होतास आणि माती टाकून लोक वळायच्या आत गेलास. पप्पांनी सामना पाहिला, योखेन. तू पेनल्टी अडवलीस तेव्हा त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. आणि तू खेळलास यात तुझा काही दोष नाही हेही त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, "संघटनेचं उत्तर आलंच नाही का गं?" मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

२४ मेला वार्षिक सभा आहे. एवाल्डच्या नावाचा ठराव त्याच दिवशी. मी पान लिहिलं आहे. एक पान भरत नाही, अर्धंच आहे. मी ते सभेत वाचणार. एवाल्ड आता स्वतःच्या बाजूने बोलू शकत नाही, आणि मैदानावर त्याचं नाव लागण्याइतकी मेहनत त्याने केली आहे. चाळीस वर्षं, पावसापाण्यात, दर शनिवारी रेषा. ते सगळं एका पत्राने जाईल. मला ते कळतं. तरी वाचणार.

तुला नको असेल तर कळव. मी १५ तारखेपर्यंत वाट पाहीन.

गुद्रुन


ब्रामहोल्ट, २६ मे २०२४

योखेन,

तू कळवलं नाहीस. मी वाचलं.

सत्तावन्न जण होते. आधी वर्षभरात गेलेल्यांची नावं, सगळे उभे राहिले. शेवटचं नाव एवाल्डचं. मग कोषाध्यक्ष, मग तरुणांचा विभाग, आता त्यात चारच मुलं आहेत. मग सिल्के म्हणाली, "शताब्दीच्या पुस्तकाबद्दल फ्राऊ राउटेनबेर्ग." मला त्या खोलीत उभं राहून बोलायची सवय नाही. पन्नास वर्षांत मी तिथे वाढपाच्या खिडकीच्या पलीकडेच होते. कागद टेबलावर ठेवून वाचला.

पान असं आहे:

'१९८३. १२ जून रोजी ब्रामहोल्टने केटेलरोटला १-० असे हरवले. गोलकीपर योखेन कोस्लिक याने ८८व्या मिनिटाला पेनल्टी अडवली. त्याची बंदी संपलेली नव्हती. हे त्याला माहीत नव्हते. संघटनेचे पत्र गुद्रुन कोस्लिक हिने १० जूनला उघडले व लपवले. व्यवस्थापक एवाल्ड राउटेनबेर्ग याला ते २० जूनला मिळाले व त्यानेही लपवले. २४ जूनच्या सभेने योखेन कोस्लिक याला काढून टाकले. तो निर्दोष होता.'

वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. पहिला आवाज मागून आला, "चाळीस वर्षं झाली. आता हे कशाला?" दुसरा म्हणाला, "केटेलरोटवाल्यांना कळू देऊ नका, परत तक्रार करतील." काही जण हसले. मला ते हसू बरं वाटलं.

मी सिल्केला म्हटलं की मैदानाच्या नावाचा ठराव मागे घ्यावा. आणि चाळीस वर्षांच्या सभासदत्वाची सोन्याची पिन कोटावरून काढून टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "पिन राहू दे." मी उचलली नाही.

मग काल्ला उठला. त्याला उठायला वेळ लागतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "मी त्या दिवशी ओरडलो. माझं ओरडणं कुठल्याच वहीत नाही, पण ते गुद्रुनच्या पत्राइतकंच आहे. योखेनला परत घ्यायचा ठराव मी मांडतो." सिल्केने विचारलं, त्याला परत यायचंय का, नियमात बसतं का. काल्ला म्हणाला, "बाई, काढताना आपण त्याला विचारलं होतं का?"

हात वर झाले. मी मोजले नाहीत. विरोधात कोणी नव्हतं.

बाहेर पडताना काल्ला माझ्या बरोबरीने चालत होता. गाडीतळ आला. मग म्हणाला, "एवाल्डचं मैदान गेलं." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "रेषा मात्र सरळ मारायचा." आणि गाडीत बसला.

घरी आल्यावर मी एवाल्डच्या खुर्चीत बसले. ती मी फेब्रुवारीपासून वापरली नव्हती.

राखेच्या मैदानावरचा शेवटचा सामना ९ जूनला आहे, रविवारी, तीन वाजता. तुला ये म्हणण्याचा मला हक्क नाही. वेळ फक्त कळवते.

गुद्रुन


ब्रामहोल्ट, १० जून २०२४

योखेन,

काल आम्ही एक-चारने हरलो.

सकाळी रेषा मारायला काल्लाचे गुडघे चालेनात, म्हणून चुन्याची गाडी मी घेतली. त्याने दोरी धरली. "ओढ, ओढ, थांब! आता नकाशा काढतेस तशी चाल." मी तेहतीस वर्षं जमिनीखालचे बोगदे मिलिमीटरमध्ये काढले. पण कागद हलत नाही. जमीन हलते, म्हणजे निदान माझ्या पायांखाली हलत होती. कोळशाच्या टेकडीच्या बाजूच्या गोलपाशी रेषा हातभर सरकली. काल्ला म्हणाला, "पुसूया?" मी म्हटलं, "राहू दे."

दुपारी मी केकच्या टेबलाशी होते. गर्दी होती, केटेलरोटचेही आले होते, त्यांचे म्हातारे आमच्या म्हाताऱ्यांशी हात मिळवत होते आणि लगेच भांडत होते. मध्यंतरानंतर काल्ला गेटवरची पेटी बंद करून माझ्याकडे आला. केक मागितला नाही. म्हणाला, "एक जण आला होता. टोपी, राखाडी जॅकेट. गाडीवर ब्रेमरहाफनची पाटी."

मी सुरी खाली ठेवली.

"मी सगळ्यांना विचारतो तसंच विचारलं. पूर्ण तिकीट, निवृत्त की सभासद? तो थोडा वेळ उभा राहिला. मागे रांग थांबली. मग म्हणाला, 'सभासद.' सुटे पैसे पुढे केले तेव्हा करंगळी दिसली. ती वाकडी करंगळी. एकोणऐंशीत मीच त्याच्या हातावर पडलो होतो."

मी विचारलं, "कार्ड मागितलंस?"

"कार्ड मागायला मी काय केटेलरोटचा आहे?"

तू पहिला अर्धा वेळ टेकडीच्या बाजूच्या गोलमागे, कठड्याला टेकून उभा होतास असं तो म्हणाला. पप्पांची खुर्ची होती तिथे. मध्यंतराच्या शिट्टीला निघालास. केकचं टेबल तिथून दिसतं. मी तिथेच होते, पाठ तुझ्याकडे असेल.

तू का गेलास ते मी विचारत नाही. का आलास तेही नाही.

काल्लाने तुझ्या तिकिटाचा फाडलेला अर्धा भाग मला दिला. सभासदांची तिकिटं पिवळी असतात. तो मी एवाल्डच्या वहीत, त्र्याऐंशीच्या पानावर चिकटवला आहे.

तू उभा होतास तिथली रेषा माझ्या हातची होती. तुला ती वाकडी दिसली असेल. पुसली नाही.

तुझी बहीण,
गुद्रुन